बिनधक्क्याची तोफ

वाक्य बोलून संपलं तेव्हा देवजी जागेवर नव्हता. होता सभेतच, इमारतीच्या पाण्याच्या टाकीपाशी अंथरलेल्या सतरंजीच्या कडेला; पण ज्या जागी उभा राहून तो बोलला, तिथून सरकून तो जिन्याच्या खांबाआड गेला होता. माणसांनी माना वळवल्या तर समोर मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेकडेच सगळी सभा गंभीरपणे बघत राहिली. एरवी कुणालाही हसू फुटलं असतं. पण वाक्य असं वर्मी बसलं होतं की हसायचं कुणाला सुचलं नाही. नेरूळच्या त्या नव्याकोऱ्या इमारतीला तीन जिने. पहिल्या दोन जिन्यांवर मुंबईहून आलेली नोकरदार कुटुंबं, तिसऱ्यावर बहुतेक कोकणातली नाहीतर मराठवाड्यातली बौद्ध घरं. राहायला आल्यापासून पाणी पहिल्या दोन जिन्यांना धो धो चढायचं आणि तिसऱ्याकडे आलं की त्याचा दम संपायचा. चेअरमन नंदकुमार रविवारच्या त्या सभेत मघापासून प्रेशर, पाइपाची जाडी, टाकीची उंची असं काहीबाही समजावत होते, मधून मधून "टेन्शन घेऊ नका, होईल सगळं," म्हणत होते, आणि तिसऱ्या जिन्याची माणसं मान खाली घालून ऐकत होती. तेव्हा कधी नव्हे तो देवजी उठला आणि म्हणाला, "टाकी एक हाय, व्हॉल्व्ह एक हाय. मग पानी मानसं बघून कसं चढतं?" एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही.

मग जी शांतता पसरली ती देवजीच्या चांगली ओळखीची होती. ते आधी राहत त्या शिरवण्याच्या मागच्या डोंगरात खाणीचे सुरुंग उडत, घरातली भांडी फळीवर किणकिणत, शेजारच्या बायका दचकून "आई गं" म्हणत. देवजीच्या पापणीला त्याचं काही नसे. त्याला धसका होता तो सुरुंगानंतरच्या शांततेचा. समोरचं काहीतरी मोठं, चालतं, आता थांबलं आहे आणि सगळ्यांचे डोळे ते कुणी थांबवलं हे शोधताहेत, ती शांतता. कुणीही सांगितलं नसताना वॉचमन उठला, टाकीमागे गेला, आणि तिसऱ्या जिन्याच्या पाइपात घरघर सुरू झाली. दुसरा कुणी असता तर छाती फुगवून तिथंच उभा राहिला असता, चार जणांकडून पाठ थोपटून घेतली असती. देवजीचं लक्ष होतं आपल्या पायांकडे. हे पाय कधी हलले? त्यानं तर हलवले नव्हते. इतक्या वर्षांनंतरही ते आपलं काम त्याला न विचारता करत होते, आणि याचं त्याला भय वाटण्याऐवजी थोडं नवलच वाटलं. सभा मोडायची वाट न पाहता तो जिना चढू लागला. भिंतीतल्या पाइपातून पाणीही त्याच्याबरोबर वर चढत होतं, आणि तो मनाशी म्हणत होता, जागा कळली, आता हलायला पाहिजे.

हलायचं त्याला शिकवलं होतं एका तोफेनं. तोफ म्हणजे काय, खांद्यावर घ्यायची एक नळी. फौजेत तिला सगळे आरसीएल म्हणत, पण साताऱ्याकडचा जो हवालदार त्यांना ती शिकवायला होता तो तिला बिनधक्क्याची म्हणायचा. रायफल खांद्याला लाथ मारते, मोठी तोफ मागं उडी घेते, हे सगळ्यांना माहीत. ही म्हणे काही करणार नाही. देवजीचा विश्वास बसला नव्हता. रणगाड्याचं पोलाद फोडणारा गोळा खांद्यावरून सुटायचा आणि खांद्याला त्याचा पत्ता लागायचा नाही, असं कुठं असतं का? पहिल्यांदा मारायची वेळ आली तेव्हा त्यानं दात आवळले, गुडघा जमिनीत रोवला, खांदा निखळला तर निखळला अशी मनाची तयारी करून घोडा दाबला. आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला, पण खांद्यावर काही नाही. कुणीतरी हात ठेवून उचलून घ्यावा तेवढंसुद्धा नाही. गोळा उडालाच नाही असं वाटून त्यानं डोळे उघडले तर लांबवरची फळी नाहीशी झाली होती. एवढं बळ आपल्या अंगावरून गेलं आणि आपल्याला शिवलं नाही, ही गोष्ट त्याच्या गावातल्या कुणाला सांगितली असती तर त्यांनी तिला देवाचं नाव दिलं असतं.

हवालदारानं मात्र त्याची मान धरून मागं फिरवली. मागचं गवत मुळासकट झोपलं होतं, पार काळं झालं होतं, आणि मुद्दाम मागे ठेवलेलं लाकडी खोकं ढलप्याढलप्यांनी विखुरलं होतं. "नळी मागनं उघडी हाय," हवालदार म्हणाला. "जेवढं फुडं जातंय तेवढंच मागं येतंय. तुला धक्का बसला न्हाई म्हंजी धक्का नव्हताच, असं समजू नगंस." म्हणून मारताना मागं कुणी उभं राहायचं नाही. दोन नंबरचा गडी, म्हणजे गोळा भरणारा, तोही मागं नाही. उजव्या खांद्याला लागून, बाजूला. त्यानं गोळा भरायचा, मागं वळून सगळं मोकळं आहे ना ते बघायचं आणि एक नंबरच्या खांद्यावर थाप मारायची. थाप पडली की कानाला दडा बसू नये म्हणून तोंड उघडं ठेवायचं आणि घोडा दाबायचा. देवजी एक नंबर होता. दोन नंबर होता गोटीराम, खेडकडचा, बुटका, तंबाखूचा शौकीन, ज्याची थाप इतकी हलकी असायची की एखाद्याला झोपेतून उठवतानाही कुणी इतकं जपत नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पंजाबातल्या एका कालव्याच्या बांधाआड, खड्ड्यात ते दोघं पडून होते. धुकं होतं. रणगाडे दिसायच्या आधी ऐकू आले, आणि ऐकू यायच्या आधी पोटाला कळले. जमिनीतूनच ते पोटात शिरले. पायदळाचा माणूस रणगाड्यासमोर किती लहान असतो हे ज्याला कळलं नाही त्यानं पायदळाच्या गप्पा मारू नयेत. त्याच्यावर रायफल झाडणं म्हणजे म्हशीला खडे मारणं. पळावं तर तो पळू देत नाही, लपावं तर वरून जातो. फौजेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की अशा वेळी पायदळाजवळ आपलं स्वतःचं, हातानं उचलून नेता येईल असं काहीतरी हवं. ते काहीतरी म्हणजे ही नळी, आणि सगळी कंपनी त्या सकाळी त्या दोघांच्या भरवशावर होती. समोरून मारून उपयोग नसतो, पोलाद तिथं जाड. थांबायचं. त्यानं वळायची, कूस दाखवायची वाट बघायची. देवजी थांबला. धुक्यातून रणगाड्याचा काळा आकार वाढत गेला, मग बांध चुकवायला वळला, आणि खांद्यावर गोटीरामची ती हलकी थाप पडली.

रणगाडा थांबला. जळाला वगैरे नंतर, आधी नुसता थांबला. एवढा थोरला चालता जीव, ज्याला थांबवायला डोंगर लागावा, तो थांबला, आणि देवजीच्या खांद्याला काही कळलंसुद्धा नाही. त्याला आनंद झाला नव्हता. त्याला हात जोडावेसे वाटले होते. कुणाला जोडायचे ते कळलं नाही; तोफेला, त्या थांबलेल्या लोखंडाला, की आत होते त्या माणसांना. तेवढ्यात गोटीरामनं त्याचा पट्टा धरून त्याला ओढलं. "हल!" कारण मारलं की मागं धूळ उठते, झाडाएवढी, आणि सगळ्या शत्रूला सांगते की हे बघा, इथं आहेत. सरपटत सरपटत ते दुसऱ्या खड्ड्यात पोचले, देवजीनं मान वळवली आणि त्याच क्षणी शत्रूच्या गोळ्यानं पहिला खड्डा गेला. ज्या मातीत त्याच्या गुडघ्याचा ठसा ओला होता, ज्या ढेकळावर गोटीराम थुंकला होता, ती जागाच उरली नाही. माणूस मरताना त्यानं पाहिला होता. जागा मरताना कधी पाहिली नव्हती. तो थक्क होऊन बघत राहिला, आणि बघता बघता त्याच्या आत कुठंतरी कायमचं ठरून गेलं की मारलं की ती जागा आपली नव्हे.

फौज सुटली, मुक्ताशी लग्न झालेलं होतं, मुलगी झाली. नोकरीसाठी म्हणून तो तुर्भ्याला आला आणि तिथून सुरू झाला तो प्रकार ज्याला त्याचे भाऊबंद पायाला भिंगरी असणं म्हणत. तुर्भ्याच्या कारखान्यात सुपरवायझर एका बाईच्या अंगावर धावून गेला तेव्हा सगळ्यांदेखत देवजीनं त्याला एका शब्दात गार केलं. सुपरवायझरनं माफी मागितली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात देवजीचे हारतुरे व्हायचे, तर देवजीनं राजीनामा देऊन टाकलेला. तुर्भ्याची खोली सोडून ते नावड्याला गेले. तिथं खोलीचा मालक माणसांच्या तोंडावर जात काढायचा. एकदा देवजी त्याला चौघांत असं काही बोलला की मालकानं पुन्हा तोंड उघडलं नाही. चार दिवसांत देवजीनं सामान बांधलं. मग शिरवण्यात चांगुणाबाईच्या घरामागची खोली. म्हातारी आगरीण, मायाळू, हिला सोडून जायचं कारणच नव्हतं. पण गल्लीतल्या कुणाशी तरी वाद झाला, देवजी जिंकला, आणि ट्रंक बाहेर निघाली. चांगुणाबाई ओट्यावर बसून बघत होती. "तुला कोनी हाकललाय काय रं?" ती म्हणाली. "मंग चाललास कशाला?" देवजी ट्रंकेला दोरी आवळत राहिला. तो कधीच हरून गेला नव्हता. मुक्ता एकदा म्हणाली होती, जिंकून पळनारा मानूस मी पयल्यांदाच बघितला. आणि एक गोष्ट त्यानं तिलाही सांगितली नव्हती. सोडून आलेल्या खोल्या तो मधूनच जाऊन बघून यायचा, रस्त्याच्या पलीकडे उभा राहून. त्या असायच्या. नव्या माणसांचे कपडे दोरीवर वाळत असायचे. दर वेळी त्याला धक्का बसायचा, की ही जागा अजून आहे.

हे घर मिळालं तेव्हा मुक्तानं बुद्धवंदना म्हणून झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, हातातलं ताट खाली ठेवून त्याला शांतपणे सांगितलं होतं, "ह्या घरातनं मी आनि वैशू हालनार नाय. तुमाला जायचं आसंल तर जा." तिची धमकी द्यायची रीत नव्हती. जे करणार तेवढंच ती बोलायची. जिना चढताना हे शब्द देवजीच्या कानाशी होते आणि तरीही दारात आल्याबरोबर तो सरळ आतल्या खोलीत गेला, पलंगाखालची काळी ट्रंक ओढू लागला. तिच्यावर त्याचं नाव आणि फौजेतला नंबर पांढऱ्या रंगात अजून होता. ट्रंक हलेना. त्यानं दोन्ही हात लावले, पाय भिंतीला टेकवला. ट्रंक जागची सरकेना. झाकण उघडलं तर आत काठोकाठ तांदूळ. गावाकडचे, जाडे, तांबूस, कीड लागू नये म्हणून वर कडुलिंबाचा पाला पसरलेला. देवजी त्या तांदळाकडे बघत राहिला. रिकामी करायची म्हटली तर ओतायचे कशात?

"पानी आलं," मुक्ता दारात येऊन म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. "नळाला हात लावला तर केवढा जोर. खाली काय झालं?" मग तिनं उघडी ट्रंक पाहिली आणि तिला कळलं. "काय बोललात?"

त्यानं सांगितलं. ऐकताना तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, अभिमानाचं, आणि आलं तसं विझलं. "चांगलं बोललात," ती म्हणाली. "आनि आता निघालात."

"मुक्ते, तुला कळत नाय. आता ते गप बसनार नाय. जागा कळली त्यांना."

"कळू दे की. दारावर नावाची पाटी लावलीय आपन." ती पलंगावर टेकली. बाहेरच्या खोलीत वैशाली जमिनीवर वह्या पसरून अभ्यास करत होती, तिची पेन्सिल थांबली होती. मुक्तानं आवाज खाली घेतला. "एक इचारू? तुमी ती लढाईची गोष्ट सांगता, पयल्या खड्ड्यातनं निसटलात ती. ती शंभरदा आयकली. दुसऱ्या खड्ड्यात जाऊन काय केलंत ते कंदी सांगितलं नाय."

देवजीला प्रश्नच विचित्र वाटला. "काय करनार? दुसरा गोळा मारला."

"मंग? हितं कंदी मारलात दुसरा?" त्याच्याकडे न बघता ती ओल्या हातांनी पलंगावरची चादर नीट करत होती. "तुमी बोलता नि मोकळे होता. तुमाला कुठं काय लागतं? हलके फुल हून नव्या खोलीत जाता. वैशूच्या शाळा मोजा. माझं तुर्भ्याचं प्याकिंगचं काम चांगलं चाललं होतं, ते गेलं. नावड्याला बयाबाई बहिनीसारखी होती, ती गेली. तुमच्या मागं काय काय पडलं ते तुमी कंदी वळून बघितलं नाय."

ती भांडत नव्हती, म्हणूनच ते त्याला ऐकू गेलं. देवजीच्या मानेवर एक हात आल्यासारखा झाला, खरखरीत, हवालदाराचा, मान धरून मागं फिरवणारा. तुला धक्का बसला न्हाई म्हंजी. इतकी वर्षं त्यानं त्या तोफेची एकच शिकवण जपली होती, हल म्हणून, आणि पहिल्या दिवसाची पहिली शिकवण पार विसरून गेला होता. दर वेळी खांद्याला काही कळलं नाही. दर वेळी समोरचं थांबलं, तो चकित झाला, निघाला. आणि मागं, तिथं कुणी उभं राहायचं नसतं तिथं, ह्या दोघी उभ्या होत्या. त्यानं वैशालीकडे पाहिलं. दप्तर दाराजवळ ठेवायची तिला सवय होती, कायम, निघायला सोपं पडावं असं. ते तिथंच होतं. देवजीला एकाएकी रडू आलं, आणि ते लपवायला त्यानं ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्याच्यावर बसला. तांदळानं भरलेली ट्रंक त्याच्या वजनाखाली जराही वाजली नाही.

तो बसून राहिला. जिवाची तगमग होत होती, पाय फरशीवर नुसते वळवळत होते. पण एरवी ज्या वेळी तो दोरी शोधत असायचा त्या वेळी तो बसला होता, आणि त्याला आपल्याच घरातले आवाज ऐकू येत होते. मोरीत बादली भरत होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी बाई पाणी आल्याचं दुसरीला हाका मारून सांगत होती. डोंगरात सुरुंग उडाला, फळीवरची भांडी किणकिणली, खिडकीतून लांब धुळीचा लोट उठताना दिसला आणि हळूहळू बसताना दिसला. धूळ बसते हे त्यानं आजवर कधी पाहिलंच नव्हतं. तो नेहमी त्याआधीच गेलेला असायचा. धूळ बसल्यावर डोंगर होता तिथंच होता, थोडा खरचटलेला, आणि त्याच्या पायथ्याची घरंही होती. ते साधं दृश्य बघताना रणगाडा थांबल्याच्या त्या सकाळी झालं होतं तसंच त्याच्या आत काहीतरी झालं, हात जोडावेसे वाटण्यासारखं.

जिन्यात पावलं वाजली. एकाची नव्हती. ती पहिल्या मजल्यावर थांबली नाहीत, दुसऱ्यावर थांबली नाहीत. दाराची कडी वाजली. "देवजीराव," चेअरमन नंदकुमारांचा आवाज आला, ना गोड ना कडू. "आहात ना घरात? जरा बोलायचं होतं."

मुक्तानं त्याच्याकडे पाहिलं. पाठच्या बाजूला, मोरीपलीकडे, सज्जा होता आणि सज्ज्यातून खाली उतरायला पाइप होता. देवजीनं घर बघायला आला तेव्हाच तो हेरून ठेवला होता. तो ट्रंकेवरून उठला आणि बाहेरच्या खोलीत, दाराकडे गेला. कडीला हात घालायच्या आधी थांबला आणि आयुष्यात फार दिवसांनी त्यानं मागं वळून पाहिलं. त्याच्या अगदी मागं, वह्यांच्या पसाऱ्यात, वैशाली उभी राहिली होती. "वैशू," तो म्हणाला, "तू तिकडं हो बाळा, खिडकीपाशी. मागं नको." ती वह्या गोळा करून खिडकीकडे गेली. दप्तर दाराजवळून उचलून तिनं बरोबर नेलं.

मुक्ता मागं नव्हती. पदर खोचून ती त्याच्या उजव्या अंगाला येऊन उभी राहिली होती, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. तिनंही एकदा वळून पोर नीट बाजूला झाली ना ते बघितलं. मग तळहात उघडा ठेवून, अगदी हलकेच, तिनं त्याच्या खांद्यावर थाप मारली, जशी कुणीही बायको नवऱ्याला उघडा की दार म्हणून मारील तशी. थापेची गोष्ट देवजीनं तिला कधीच सांगितली नव्हती.

त्याचं तोंड आपोआप उघडलं. पाय जागेवर होते. त्यानं कडी काढली.